शांतरसाचे घर : ट्रॉम्बोनांच्या पाच लहान रचना

पितळी वाद्यांविषयी आपल्या कानांचा एक जुना ग्रह आहे. तुतारी म्हटली की पालखी किंवा स्वारी, शिंग म्हटले की रण किंवा देवाची यात्रा, आणि कर्णा म्हटला की वर्दी. कोणी तरी येत आहे, काही तरी घडणार आहे, उठा, सावध व्हा, एवढे या वाद्यांनी सांगावे आणि गप्प बसावे, अशी आपली समजूत असते. केशवसुतांनी 1893 साली ‘तुतारी’ लिहिली तेव्हा हाच ग्रह त्यांनी काव्यात कायमचा करून ठेवला. निद्रिस्त समाजास जागे करावयाचे तर वीणा किंवा बासरी उपयोगाची नाही, त्यास धातूचा कंठच पाहिजे, हे त्यांनी अचूक ओळखले होते. आमच्या पाथर्डीच्या बाजारपेठेतून लग्नसराईत वरात निघते, तेव्हा बँडवाल्यांच्या ताफ्यात कधी कधी सरकत्या नळीचे एक लांबलचक वाद्य दिसते. मुलांस त्या पुढेमागे होणाऱ्या नळीची मौज वाटते आणि मोठी माणसे त्याच्या आवाजापासून दोन पावले दूर सरतात. ते वाद्य म्हणजे ट्रॉम्बोन. गांभीर्याचा आणि त्याचा काही संबंध असू शकेल, असे त्या गर्दीत कोणासही वाटणार नाही.

असे असता, दुसऱ्या कोणत्याही वाद्याची साथ न घेता, केवळ तीन किंवा चार ट्रॉम्बोनांकडून मृत्यूच्या प्रसंगी वाजवून घेण्यासाठी काही रचना युरोपात लिहिल्या गेल्या आहेत. त्यांतील पाच आज प्रसिद्ध आहेत; तीन बीथोव्हेनच्या आणि दोन ब्रुक्नरच्या. त्या सर्व मिळून वाजविल्या तरी पाव तासाच्या आत संपतात. आता पाथर्डीसारख्या तालुक्याच्या गावी बसूनही त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरबसल्या ऐकता येतात. आम्ही त्या पुष्कळ वेळा ऐकल्या, आणि त्यांजविषयी आमचे जे मत झाले ते वाचकांपुढे ठेवण्याचा येथे विचार आहे. थोडक्यात सांगावयाचे तर ते असे की, या रचनांचे गांभीर्य धातूच्या बळातून निर्माण झालेले नाही. ते आवाजांच्या समानतेतून आणि संयमातून निर्माण झाले आहे. दुसरे असे की, त्यांचा रस करुण नसून शांत आहे. आणि शांतरसाची ओळख विसरू लागलेल्या आजच्या मराठी समाजास त्या ऐकण्याची विशेष आवश्यकता आहे.

प्रथम आपल्याच घरात पाहू. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यातील वाद्याध्यायात फुंकीच्या वाद्यांमध्ये काहला म्हणून एक वाद्य वर्णिले आहे. ते तांब्याचे, रुप्याचे किंवा सोन्याचे असावे, लांबी तीन हात असावी, तोंड धोतऱ्याच्या फुलासारखे असावे, असे तो सांगतो. आणि वीरांच्या बिरुदांचा उच्चार करणे हे तिचे कार्य होय, असेही नमूद करतो. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीच आपल्या शास्त्राने धातूच्या कर्ण्यास भालदाराचे काम नेमून दिले होते. त्याच ग्रंथात शृंगही आहे. परंतु शृंगाची जी एक दुसरी परंपरा, ती पाहण्यास ग्रंथ उघडण्याची गरज नाही. पाथर्डी तालुक्यातच गर्भगिरीच्या रांगेत मढी येथे कानिफनाथांची समाधी आहे, आणि होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तेथे भटक्या जमातींची मोठी यात्रा भरते. नाथपंथी साधूच्या गळ्यात लोकरीच्या दोऱ्यास बांधलेली एक लहानशी शिंगी असते. भोजनापूर्वी, पूजेनंतर किंवा गुरूस वंदन करताना तो ती फुंकतो. या शिंगीचा नाद दहा हातांपलीकडे जात नाही, आणि तो जावा अशी अपेक्षाही नसते. तो नाद कोणाच्याही आगमनाची वर्दी देत नाही. काहला आणि शिंगी ही फुंकीच्या वाद्यांची दोन कुळे होत, एक जगास हाक देणारे आणि दुसरे आत वळणारे. ज्या रचनांविषयी आम्ही लिहीत आहो त्यांचा देह काहलेचा आहे, परंतु धर्म शिंगीचा आहे.

हे ट्रॉम्बोनासच कसे साधले, याचे कारण त्याच्या घडणीत आहे. तुतारी किंवा जुना रणकर्णा यांतून निसर्गतः जे थोडे स्वर निघतात तेवढेच निघतात. मधले स्वर त्यांतून मिळत नाहीत. म्हणून त्यांजकडून ललकारी होते, गाणे होत नाही. ट्रॉम्बोनाची नळी सरकवून वादक तिची लांबी क्षणात कमीजास्त करतो. अशी तिची सात स्थाने मानलेली आहेत, आणि त्यांच्या योगाने बारा स्वरांपैकी कोणताही स्वर शुद्ध रीतीने काढता येतो. पितळी वाद्यांस झडपा बसविण्याची युक्ती 1815 च्या सुमारास निघाली. त्यापूर्वीची तीनशेहून अधिक वर्षे सर्व स्वर मनुष्याच्या कंठाप्रमाणे गाऊ शकणारे धातूचे वाद्य म्हणजे जवळजवळ एकटा ट्रॉम्बोनच होता. यामुळे रणातून आणि दरबारातून त्याची पावले चर्चकडे वळली. तेथे तो गायकांच्या पाठीशी उभा राहून त्यांचेच स्वर हलकेच धरून ठेवी. व्हेनिसच्या गाब्रिएलीने 1597 साली आपली जी सुप्रसिद्ध आठ वाद्यांची रचना छापली तीत सहा ट्रॉम्बोन आहेत. आणि हळू कोठे व मोठ्याने कोठे वाजवावे हे स्वरलेखनात स्पष्ट लिहिण्याचे ते एक अगदी आरंभीचे उदाहरण आहे. जर्मनीतील शुत्झने 1629 मध्ये, पुत्र अब्शालोम याच्या मरणावर दावीद राजाने केलेला विलाप खर्जातील एका गायकासाठी रचला आणि त्याच्या साथीस चार ट्रॉम्बोन दिले. मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’मध्ये 1787 साली स्मशानातील पाषाणमूर्ती बोलू लागते ती ट्रॉम्बोनांच्याच स्वरांतून. पश्चिमेच्या कानांस या वाद्यात परलोकाचा भास होतो, तो असा दोनअडीचशे वर्षांच्या सहवासाने झाला आहे.

आता प्रस्तुत रचनांकडे येऊ. त्यांस ‘एक्वाले’ अशी संज्ञा आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘समान’ एवढाच. समान जातीच्या आवाजांसाठी केलेली रचना ती एक्वाले. ऑस्ट्रियात अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत हा शब्द ट्रॉम्बोनांच्या अंत्यविधीच्या लहान रचनांस विशेषेकरून लावला जाऊ लागला. नोव्हेंबरची दुसरी तारीख हा कॅथलिक ख्रिस्ती लोकांत सर्व मृतात्म्यांचा दिवस. आपल्या सर्वपित्री अमावास्येशी त्याचे साम्य इतके आहे की अधिक स्पष्टीकरण नको. ज्यांची तिथी ठाऊक नाही, ज्यांचे नाव घेणारे कोणी उरले नाही, त्यांचेही स्मरण त्या दिवशी होते. लिंझ शहरी त्या दिवशी आणि प्रेतयात्रांच्या वेळी एक्वाले वाजविण्याचा प्रघात होता.

1812 च्या शरद ऋतूत बीथोव्हेन लिंझला आपल्या धाकट्या भावाकडे येऊन राहिला. येण्याचे कारण काही प्रसन्न नव्हते. भावाच्या गृहस्थितीवरून दोघांत कडाक्याचे भांडण चालले होते. वय बेचाळिसावे, कान जवळजवळ गेलेले. अशा स्थितीत ऑक्टोबरात त्याने आपली आठवी सिंफनी पुरी केली, आणि ती त्याच्या सर्व सिंफनींत अतिशय खेळकर समजली जाते. त्याच सुमारास लिंझच्या कॅथीड्रलाचा संगीतप्रमुख ग्लॉग्ल याने मृतात्म्यांच्या दिवसासाठी काही एक्वाले लिहून देण्याविषयी त्यास विनंती केली. ग्लॉग्लच्या मुलाने पुढे सांगितलेल्या आठवणीप्रमाणे बीथोव्हेनने प्रथम लिंझमध्ये वाजवितात तसे एक्वाले ऐकण्याची इच्छा दर्शविली. तेव्हा एके दिवशी दुपारी तीन वादक घरी बोलावून त्यास ते ऐकविण्यात आले, आणि मग तो लिहावयास बसला. ही हकीकत आम्हांस महत्त्वाची वाटते. युरोपभर ज्याचे नाव झाले होते त्या पुरुषाने एका लहान शहराची रीत आधी ऐकून घेतली आणि तिच्या मापात आपली प्रतिभा बसविली. चार वर्षांपूर्वी, 1808 मध्ये, पाचव्या सिंफनीच्या अखेरीस त्याने याच ट्रॉम्बोनांकडून विजयाचा जयघोष करविला होता. येथे मात्र त्याने त्यांस आवाज आवरून धरण्यास सांगितले.

रचना तीन आहेत आणि त्या चार ट्रॉम्बोनांसाठी आहेत. पहिली मंद चालीची व कोमल गांधाराच्या छायेची. दुसरी अधिक विलंबित, परंतु शुद्ध गांधाराच्या प्रकाशातील. तिसरी तशीच शुद्ध गांधाराची, थोडी धरून ठेवलेली आणि तिन्हींत लहान. आपल्या संगीताचा संस्कार झालेल्या श्रोत्यास प्रथम काय जाणवेल, तर येथे मुख्य गायक कोण आणि साथीदार कोण हे ठरविता येत नाही. चारही वाद्ये बहुतेक एकाच वेळी पाऊल उचलतात आणि एकाच वेळी ठेवतात. क्वचित एखादा आवाज थोडा आधी निघतो, दुसरे त्याच्या मागोमाग येतात, परंतु लवकरच सर्व पुन्हा एका ओळीत उभे राहतात. प्रत्येकाचा स्वर निराळा आहे आणि मान मात्र सारखा आहे. खांदेकरी चार असतात आणि त्यांतील एकाने पाऊल चुकविले तर भार सर्वांस जाणवतो. तसा काहीसा प्रत्यय ही स्वरांची चाल ऐकताना येतो.

दुसरी गोष्ट मींडेची. सरकत्या नळीच्या या वाद्यास मींड अगदी सहजसाध्य आहे. सर्व पितळी वाद्यांत आपल्या गायकीच्या जवळ येण्याची योग्यता कोणात असेल तर ती यात आहे. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाऊन हुंदका किंवा आर्त पुकार काढणे वादकास मुळीच कठीण नाही. मृत्यूवरील रचनेत या शक्तीचा उपयोग करण्याचा मोह कोणासही होईल. पाचही रचनांत तो कोठेही केलेला नाही. प्रत्येक स्वर आपल्या जागी स्वच्छ उमटतो, आणि दोन स्वरांमधील नळीचा प्रवास ऐकू येणार नाही अशी दक्षता वादकास घ्यावी लागते. जे करता येते ते न करणे हीच येथील कला आहे. अश्रू नाहीत म्हणून गांभीर्य आहे असे नव्हे. अश्रू हाताशी असून ते आवरलेले आहेत, हे श्रोत्यास कळते, म्हणून गांभीर्य आहे.

तिसरी गोष्ट श्वासाची. सारंगीचा गज परतवून स्वर हवा तितका लांबविता येतो. फुंकीच्या वाद्याचे वाक्य श्वासाइतकेच लांब असते. या रचनांतील वाक्ये श्वासाच्या मापाची आहेत, आणि एक वाक्य संपून दुसरे सुरू होण्यापूर्वी चौघेही एकदम श्वास घेतात. त्या लहानशा विरामात चर्चच्या दगडी भिंतींवरून मागचा स्वर परत येत असतो. ऐकणाऱ्याचा श्वासही नकळत त्या लयीस लागतो. जो श्वास थांबल्यामुळे हा प्रसंग ओढवला, तोच श्वास जिवंतांच्या छातीतून मोजूनमापून चालला आहे, ही जाणीव शब्दांवाचून करून देण्याचे सामर्थ्य तंतुवाद्यांच्या मेळात आम्हांस आढळले नाही.

तथापि तिन्ही रचना सारख्याच तोलाच्या आहेत असे आम्ही म्हणणार नाही. पहिली निःसंशय श्रेष्ठ आहे. दुसरीत माधुर्य आहे, परंतु सांत्वन जरा लवकर हाती येते. शोकाची पायरी चढण्यापूर्वीच कोणी आधार पुढे करावा तसे वाटते. तिसरी इतकी लहान आहे की ती सुरू झाली म्हणेपर्यंत संपते. परंतु पहिल्या दोहोंनंतर ती ऐकली म्हणजे तिचे लहान असणे हेच तिचे औचित्य आहे, हे ध्यानात येते. निरोपाचे शब्द थोडेच असावेत.

या रचनांचे पुढे जे झाले त्यावरून एक वाङ्मयीन प्रश्नही उपस्थित होतो. बीथोव्हेन 26 मार्च 1827 रोजी व्हिएन्नात वारला. प्रकाशक हास्लिंगर हा लहानपणी लिंझलाच ग्लॉग्लच्या हाताखाली गाणे शिकलेला. या एक्वालेंची प्रत त्याच्यापाशी होती. त्याच्या सांगण्यावरून साय्फ्रीडने पहिल्या व तिसऱ्या रचनेस दयायाचनेच्या लॅटिन स्तोत्राचे शब्द बसविले, आणि 29 मार्चच्या प्रेतयात्रेत त्या पुरुषगायक व ट्रॉम्बोन यांनी आळीपाळीने सादर केल्या. मशाली धरून चालणाऱ्यांत शूबर्ट होता. पुढील वर्षाच्या नोव्हेंबरात तोही गेला. 1828 साली समाधीचा दगड बसविण्याच्या वेळी दुसऱ्या रचनेसही कवी ग्रिलपार्त्सर याचे शब्द देण्यात आले. मृतात्म्यांच्या दिवसासाठी लिहिलेले संगीत पंधरा वर्षांनी कर्त्याच्याच प्रेताबरोबर चालले, ही घटना हृदयस्पर्शी खरी. परंतु टीकाकाराच्या दृष्टीने पाहता, शब्द बसविल्याने या रचनांची हानी झाली, असे आमचे मत आहे. शब्द आला की बोलणारा आला, आणि बोलणारा आला की तो कोणाविषयी बोलतो हेही आले. सर्वांसाठी असलेले स्मरण तेथे एकट्याचे झाले. हेच संगीत पुढे 1898 साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत ग्लॅडस्टनच्या अंत्यविधीस शब्दांवाचून वाजविण्यात आले, तेव्हा ते आपल्या मूळ पदावर परत आले असे म्हणावयास हरकत नाही.

ब्रुक्नरच्या दोन रचना 1847 च्या आरंभीच्या आहेत. लिंझजवळील सेंट फ्लोरियन येथील मठाच्या शाळेत तो त्या वेळी साहाय्यक शिक्षक होता, वय बावीस. आप्तांतील एक वृद्ध स्त्री, त्याची मावशी, निवर्तली म्हणून त्याने त्या तीन ट्रॉम्बोनांसाठी लिहिल्या. पुढे ज्याच्या सिंफनी तासतासभर चालावयाच्या, त्याचे हे लेखन एखाद्या पानात मावेल इतके आहे. ते कोमल गांधाराचे आहे, सरळ आहे आणि त्यात कोठेही विद्वत्तेचा आव नाही. खेड्यातील शिक्षकाने आपल्या माणसासाठी करावे तसे ते आहे. दुसऱ्या रचनेतील खर्जाच्या ट्रॉम्बोनाचा भाग हरवला असून तो मागाहून संपादकाने भरून काढलेला आहे. समान आवाजांच्या रचनेत एक आवाज नसला म्हणजे उरलेले दोन केवळ दोन राहत नाहीत. ते तिसऱ्याची वाट पाहत आहेत असे वाटते. भरून काढलेला भाग चांगला आहे, तरी ही जाणीव पुरती जात नाही. आणि शोकप्रसंगीच्या संगीतास ती अगदीच विसंगत आहे असेही नाही.

आता रसाचा प्रश्न. या रचना करुणरसाच्या असे कोणी सहज म्हणेल. परंतु करुणाचा स्थायीभाव जो शोक, त्यास आलंबन लागते. कोण गेले, त्याचे आपणाशी नाते काय, त्याच्या कोणत्या आठवणी मागे राहिल्या, हे समोर आल्यावाचून शोक रसत्वास जात नाही. गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’ या कवितेत माता आहे, तिचे बाळ आहे, आणि ते गेले हे मान्य न करणारे तिचे मन आहे. म्हणून तेथे करुण पूर्णत्वास जातो. एक्वालेत यांपैकी काहीच नाही. बीथोव्हेनने ती लिहिली ती कोणा एकासाठी नव्हेच. आणि ब्रुक्नरने आपल्या माणसासाठी लिहिली तरी त्या माणसाची कोणतीही खूण स्वरांत उमटू दिली नाही. येथे शोक आहे, परंतु तो शमाच्या आधीन आहे. म्हणून हा शांतरस होय.

शांतरसाचे नाव घेतले की आमच्या जिल्ह्याच्या माणसास नेवासे आठवल्यावाचून राहत नाही. आता अहिल्यानगर झालेल्या या नगर जिल्ह्यातच, नेवाशास, शके 1212 मध्ये म्हणजे 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. शृंगाराच्या वरचे स्थान शांतास देण्याची प्रतिज्ञा ज्ञानेश्वरांनी तीत केली आहे. विश्वरूपदर्शनाच्या अकराव्या अध्यायाच्या आरंभी तर त्यांनी असे सुचविले आहे की, येथे शांताच्या घरी अद्भुत पाहुणा म्हणून आला आहे. रसचर्चेवर पुढे पुष्कळ ग्रंथ झाले, परंतु दोन रसांचे नाते इतक्या घरगुती रीतीने दुसऱ्या कोणी सांगितल्याचे आम्हांस माहीत नाही. बीथोव्हेनच्या पहिल्या एक्वालेस हे रूपक तंतोतंत लागू पडते. स्वरांची चाल संथ आहे, घर शांताचे आहे. आणि मध्येच चार स्वरांचा एखादा असा मेळ ऐकू येतो की, श्रोता चपापतो. काळोखात कोणी दार किलकिले करावे आणि पलीकडे खोली नसून आकाश दिसावे, तसे वाटते. दुसऱ्याच क्षणी दार मिटते आणि चाल पूर्ववत सुरू होते. ब्रुक्नरच्या दोन रचनांत घर तेच आहे, स्वच्छ आणि नीटनेटके; परंतु पाहुणा अद्याप आलेला नाही. तो त्याच्या सिंफनींत पुढे आला. पहिल्या प्रतीची आणि दुसऱ्या प्रतीची रचना यांतील अंतर आम्ही येथे मोजतो.

या मतावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ही प्रसंगापुरती, मागणीवरून केलेली किरकोळ कामे आहेत. बीथोव्हेनच्या क्रमांकित कृतींतसुद्धा त्यांचा समावेश नाही, मग त्यांचा एवढा विचार कशाला? यास उत्तर आमच्या वाचकांपाशीच आहे. अभंग, आरती, ओवी ही सर्व उपयोगासाठीच जन्मास आली. ज्यास काम नेमून दिलेले आहे त्यात कला असू शकत नाही, हा समज अलीकडचा आणि शहरी आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम येथे मोराव्हियन पंथाच्या लोकांत 1754 पासून ट्रॉम्बोनांचा मेळ आहे. मंडळीतील कोणी वारले म्हणजे मनोऱ्यावरून ट्रॉम्बोनांवर ठरीव चाली वाजवीत, आणि कोणती चाल वाजली यावरून गेलेली व्यक्ती विवाहित, अविवाहित की विधवा हे ऐकणाऱ्यांस कळे. तेथे हे संगीत म्हणजे सूतकवार्ता होती. परंतु वार्ता सांगण्याची तीही एक सभ्य रीत होती.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. हे सर्व ख्रिस्ती उपासनेतील आणि परक्या कानांसाठी घडलेले. त्याचा आम्हांस काय उपयोग? धातूची वाद्ये घेऊन शोक करण्याची रीत आपल्या देशात नाही असे नाही. गोव्यात ख्रिस्ती अंत्ययात्रेबरोबर बँड चालतो आणि मंद लयीच्या शोकाच्या चाली वाजवितो. त्यांत वर एक आर्त चाल आणि खाली साथ अशी रचना असते. ती करुणाची रीत झाली, आणि आपल्या जागी तीही सुंदर आहे. वारकऱ्याच्या अंत्ययात्रेत टाळमृदंगासह अभंग म्हणत सर्व मंडळी जातात. तेथे समानता आहे, कारण धृपद सर्वांचे आहे. परंतु ती एकाच स्वराची समानता आहे. सर्वांनी आपले निराळेपण सोडून एका सुरात मिळावे, हा आपला मार्ग. एक्वालेत चौघे चार निराळ्या स्वरांवर उभे राहतात, कोणी कोणास झाकीत नाही, आणि तरीही एकच गोष्ट बोलतात. हा दुसरा मार्ग आपणांस अपरिचित आहे. पण त्याचा अर्थ कळण्यास धर्मांतर करावे लागत नाही, शांतपणे कान द्यावे लागतात एवढेच.

वाजविणाऱ्यांविषयीही थोडे सांगणे प्राप्त आहे. हल्ली पुष्कळ ठिकाणी या रचना आठ-आठ, बारा-बारा ट्रॉम्बोनांवर वाजवितात. आजचा ट्रॉम्बोन पूर्वीच्याहून रुंद नळीचा आणि मोठ्या तोंडाचा. तशांत संख्या वाढविली म्हणजे आवाज भव्य होतो आणि अर्थ नाहीसा होतो. चौघांतील प्रत्येकाचा श्वास वेगळा ऐकू येणे हा या संगीताचा प्राण आहे. समुदायात कोणाचाच श्वास ऐकू येत नाही, आणि शिंगीची पुन्हा काहला होते. ज्या मुद्रिकांत चारच वादक आहेत आणि जागा दगडी व मोकळी आहे, त्याच निवडाव्यात. शब्दांसह केलेली गायनरूपे इतिहास म्हणून एकदा ऐकण्यास हरकत नाही.

या चर्चेचे प्रयोजन केवळ संगीतापुरते नाही. आमच्या भागात नदीकाठी दशक्रियेचा विधी होतो तेव्हा आता ध्वनिक्षेपक असतो, मोठमोठे फलक असतात आणि श्रद्धांजलीची भाषणे असतात. एकामागून एक वक्ते उठतात, गेलेल्याचे गुण सांगतात, त्याच्याशी असलेला आपला निकटचा संबंध सांगतात आणि हळूहळू स्वतःविषयी बोलू लागतात. घरची माणसे खाली मान घालून बसलेली असतात. त्यांच्या दुःखास त्या भाषणांत जागा सापडत नाही, कारण शांततेसच जागा उरलेली नसते. आमच्या वाङ्मयातही हेच झाले आहे; कोणी मोठा गृहस्थ गेला की मृत्युलेखांत विशेषणांची दाटी होते. ही माणसे दांभिक आहेत असे आम्ही म्हणत नाही. मोठ्याने म्हटल्यावाचून आदर पोहोचत नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली आहे, आणि ती काहलेची समजूत आहे. ज्या भूमीत शांतास सर्व रसांच्या वर बसविले गेले, तेथे असे व्हावे हे खेदाचे आहे.

1954 साली स्ट्राव्हिन्स्कीने कवी डिलन टॉमस याच्या स्मरणार्थ जी रचना केली तीत गायक आणि तंतुवाद्ये यांजबरोबर पुन्हा चार ट्रॉम्बोन घेतले. दीडशे वर्षांच्या उलथापालथीनंतरही लिंझच्या त्या लहान रीतीस एका नव्या माणसाने मान दिला. आपल्याकडे कोणी संगीतकाराने वारकऱ्यांच्या चालीवर किंवा शिंगीच्या नादावर मन लावून, चार समान आवाजांची, नामोच्चाराशिवायची, पाच मिनिटांची एखादी रचना सर्वपित्रीसाठी करावी, असे आम्हांस फार वाटते. वाद्य कोणतेही चालेल. तोवर या पाच रचना आहेत. त्या दिवसभराची कामे आटोपल्यावर, घरातील सर्वांनी मिळून, मध्ये न बोलता ऐकाव्यात. आणि शेवटचा स्वर थांबल्यावर लगेच दुसरे काही लावू नये. तेवढ्या अवधीत ज्यास ज्याची आठवण यावयाची ती येईल, आणि ती कोणास सांगण्याची आवश्यकता राहणार नाही.